गोष्ट किंवा कविता वाचून संघर्ष, टोन आणि थीम कशी काढायची (थीम सगळ्यात शेवटी)

दहावी-बारावीची मुलं असोत, बीएची असोत नाहीतर वाचनकट्ट्यावर येणारी मोठी माणसं, सगळे एकाच ठिकाणी अडकतात. वाचून संपलं की लगेच "थीम काय?" आणि लगेच उत्तर तयार, "स्वातंत्र्य", "प्रेम", "निसर्ग", "माणुसकी". मग त्या एका शब्दाला पुरावे शोधत मागे मागे जायचं, आणि जे पुरावे त्यात बसत नाहीत ते गुपचूप सोडून द्यायचे. उत्तर चुकतं ते इथेच, कारण क्रमच उलटा आहे. आधी काय घडलं, मग संघर्ष, मग बोलतंय कोण, मग टोन, आणि थीम एकदम शेवटी.

उदाहरणाला दोन छोट्या साहित्यकृती घेतल्यात. एक केट शोपॅन या अमेरिकन लेखिकेची 1894 ची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' ही इंग्रजी कथा, जेमतेम हजार शब्दांची, आणि दुसरी बालकवींची 'औदुंबर', आठ ओळींची. दोन्ही नेटवर फुकट मिळतात. खाली शेवटासकट सगळं सांगितलंय त्यामुळे आधी वाचून या, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

## तयारी

1. मजकूर कागदावर घ्या, झेरॉक्स किंवा प्रिंट. मोबाईलवर वाचून हे होत नाही असं नाही, पण समासात खुणा करता येत नाहीत आणि या सगळ्या कामाचा निम्मा भाग त्या खुणाच आहेत.

2. गाईड, सारांश, यूट्यूबवरचं स्पष्टीकरण आधी बघायचं नाही. नंतर बघा, हरकत नाही. आधी बघितलं की तुम्हाला तेच दिसायला लागतं.

3. दोनदा वाचा. पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवून. दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन, आणि तेव्हा फक्त तीन प्रकारच्या खुणा करा: जिथे काही बदललं, जिथे एखादा शब्द अनपेक्षित वाटला, आणि जिथे कळलं नाही. कविता असेल तर दुसरं वाचन मोठ्याने, घरचे हसले तरी चालेल.

सावधान: "आवडलेल्या ओळी" अधोरेखित करू नका. शेवटी सगळं पान पिवळं होतं आणि हाताला काही लागत नाही.

## पायरी 1: काय घडलं ते कोरडं लिहा

पाच ते आठ वाक्यं, विशेषणं नाहीत, मत नाही, "बिचारी" नाही. शोपॅनच्या कथेचं असं होईल:

मिसेस मॅलर्डला हृदयविकार आहे. तिची बहीण जोसेफीन तिला सांगते की रेल्वे अपघातात तिचा नवरा गेला. ही बातमी नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स याने वर्तमानपत्राच्या ऑफिसातून आणली आहे. ती लगेच रडते, मग एकटी खोलीत जाते आणि उघड्या खिडकीसमोर खुर्चीत बसते. तिथे तिच्या मनात एक भावना येते, ती तिला आधी थोपवायचा प्रयत्न करते, मग "मोकळी" असं पुटपुटते. बहीण दाराबाहेरून विनवते, ती बाहेर येते, दोघी जिना उतरतात. तेवढ्यात नवरा किल्लीने दार उघडून आत येतो, तो अपघाताच्या जागी नव्हताच. शेवटच्या वाक्यात डॉक्टर म्हणतात की ती हृदयविकाराने गेली, आनंदाने.

तपासा: तुमच्या प्रत्येक वाक्यासमोर मूळ मजकुरातल्या ओळीवर बोट ठेवता येतंय का? "नवरा तिला छळायचा" असं कोणी लिहिलं असेल तर बोट ठेवायला जागाच नाही. कथेत उलट असं आहे की त्याचा चेहरा तिच्याकडे प्रेमानेच बघायचा. ही एक ओळ लक्षात ठेवा, पुढे ती बऱ्याच उत्तरांचा घात करणार आहे.

## पायरी 2: संघर्ष शोधा

शाळेत लेबलं शिकवतात, माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध स्वतः. लेबल नंतर लावा. आधी तीन साधे प्रश्न: कुणाला काय हवंय, आडवं काय येतंय, आणि हे आडवं येणं गोष्टीत कधी सुरू होतं, कधी वळतं, कधी थांबतं.

आता कथेला लावून बघू. सुरुवातीला वाटतं संघर्ष म्हणजे दुःख, बाईचा नवरा गेला. पण दुःख हा संघर्ष नाही, ती परिस्थिती झाली. पहिला खरा संघर्ष खोलीत सुरू होतो जेव्हा काहीतरी तिच्याकडे येतंय आणि ती ते इच्छाशक्तीने परतवू बघतेय. म्हणजे तिला आधी काय हवंय, तर तिला ती भावना नकोय, कारण तिला माहितीये की नवरा गेल्यावर बाईने काय वाटून घ्यायचं असतं. हा झगडा थोड्याच ओळींत संपतो, ती हरते, आणि हरल्यावर तिला बरं वाटतं, हीच गंमत आहे. त्यानंतर हवं ते वेगळं होतं: येणारी वर्षं स्वतःची. कालपर्यंत आयुष्य लांबलचक असेल या विचाराने ती शहारत होती आणि आता तेच आयुष्य मोठं असावं म्हणून प्रार्थना करतेय. आणि मग दाराला किल्ली लागते.

म्हणजे एका हजार शब्दांत दोन संघर्ष आहेत, एक आतला, तो मधेच मिटतो, आणि एक बाहेरचा, जो इतका वेळ होता पण दिसतच नव्हता. बहुतेक उत्तरांत यातला एकच असतो.

सावधान: खलनायक शोधू नका. या कथेत वाईट माणूस कोणीच नाही. बहीण काळजी करते, रिचर्ड्स काळजी करतो, नवरा प्रेमळ आहे. कथा तर स्पष्ट म्हणते की हेतू चांगला असो की क्रूर, दुसऱ्यावर आपली इच्छा लादणं हे सारखंच. नवऱ्याला खलनायक केलंत की हे वाक्य निरर्थक होतं, आणि या कथेत सगळ्यात धारदार तेच आहे.

तपासा: तुम्ही जो अडथळा लिहिलाय तो मनातल्या मनात काढून टाका. गोष्ट उरते का? हृदयविकार काढला तर शेवट बदलतो पण झगडा तसाच राहतो, म्हणजे हृदयविकार हा संघर्ष नाही, ती कथेची यंत्रणा आहे. लग्न काढलं तर काहीच उरत नाही. म्हणजे जागा सापडली.

## पायरी 3: बोलतंय कोण, आणि त्याला किती माहितीये

ही पायरी सगळे गाळतात, आणि मग टोन चुकतो. निवेदक म्हणजे लेखक नाही आणि पात्र म्हणजे निवेदक नाही, हे पाठ असतं सगळ्यांना, वापरत मात्र कोणी नाही.

दोन गोष्टी नोंदवा. एक, निवेदक कुणाच्या डोक्यात शिरतो आणि कधी बाहेर पडतो. या कथेत तो खोलीत असताना पूर्ण तिच्या मनात आहे, पण नवरा दारात आला की निवेदक तिला सोडून देतो. जोसेफीनची किंकाळी कळते, रिचर्ड्स तिच्या नजरेआड नवऱ्याला लपवायला धावतो ते कळतं, तिला त्या क्षणी काय वाटलं ते अजिबात कळत नाही. शेवटचं वाक्य तर डॉक्टरांचं मत आहे, निवेदकाने ते नुसतं पुढे दिलंय.

दोन, निवेदक माणसांना कोणत्या नावाने हाक मारतो. सुरुवातीला ती "मिसेस मॅलर्ड" आहे. खोलीत बराच वेळ नुसतं "ती". "लुईझ" हे तिचं स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकू येतं ते दाराबाहेरून बहिणीच्या तोंडून, मोकळेपणाची भावना येऊन गेल्यानंतर. आणि नवरा घरात शिरल्यावर ती होते "त्याची बायको". हे चार शब्द समासात एकाखाली एक लिहून ठेवा, उत्तरात यांच्याइतका चांगला पुरावा दुसरा मिळणार नाही.

## पायरी 4: टोन

टोन म्हणजे बोलणाऱ्याचा विषयाकडे बघायचा पवित्रा. वाचून तुम्हाला काय वाटलं ते वेगळं, पात्राला काय वाटतंय ते आणखी वेगळं. "कथेचा टोन दुःखी आहे कारण शेवटी ती मरते" या वाक्यात तिन्हींची खिचडी आहे.

साधं वाक्य घ्या: "साहेबांनी एवढ्या धावपळीतून वेळ काढून आमच्या अर्जाकडे बघण्याची कृपा केली." बोलणारा कौतुक करतोय का? शब्द सगळे कौतुकाचे आहेत. पण "एवढ्या", "वेळ काढून", "कृपा" हे तीन शब्द एका ओळीत आले की कान टवकारले पाहिजेत. टोन शब्दकोशातल्या अर्थात सापडत नाही, शब्दाच्या प्रमाणात आणि जागेत सापडतो.

शोधायचं असं:

1. समासातल्या "अनपेक्षित शब्द" खुणांकडे परत जा. कथेत नवरा गेल्याच्या बातमीनंतर खिडकीबाहेर काय दिसतं? वसंतातले झाडांचे शेंडे थरथरतायत, पावसाचा वास आहे, फेरीवाला ओरडतोय, चिमण्या चिवचिवतायत, ढगांमधून निळे तुकडे दिसतायत. शोकाच्या प्रसंगाला हे शब्द शोभत नाहीत, आणि ते निवेदकाने निवडलेत.

2. प्रत्येक अनपेक्षित शब्द बदलून बघा. निळ्या तुकड्यांऐवजी राखाडी आभाळ ठेवा, चिमण्यांऐवजी कावळे. सगळं दृश्य रडायला लागतं. जो शब्द बदलल्यावर अर्थ हलतो तो टोनचा शब्द, बाकीचे भरतीचे.

3. टोन कुठे वळतो त्या ओळीवर आडवी रेघ मारा. एकाच विशेषणात अख्खी कथा कोंबायची सक्ती कोणी केलेली नाही, "सुरुवातीला संयत आणि काळजीचा, खोलीत उत्कट, शेवटच्या ओळीत कोरडा आणि उपरोधिक" हे चांगलं उत्तर आहे.

शेवटच्या ओळीवर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. डॉक्टर म्हणतात आनंदाने गेली. घरातल्या सगळ्या माणसांना ते खरं वाटतं. आपल्याला, फक्त आपल्याला, माहितीये की मघाशी बंद दाराआड काय झालं. निवेदक इथे एक शब्दही खुलासा करत नाही. तो गप्प बसतो हाच त्याचा टोन. ज्यांनी पायरी 3 केली नाही ते लिहितात, "नवरा जिवंत बघून तिला अतिआनंद झाला". म्हणजे ते डॉक्टरांच्या बाजूला जाऊन बसले.

सावधान: टोनसाठी "गंभीर", "सकारात्मक", "भावनिक" हे शब्द वापरू नका. कशालाही लागतात. त्याऐवजी हळवा, खोचक, कोरडा, संयत, तक्रारीचा, हताश, कौतुकाचा, अलिप्त, हेटाळणीचा असे टोकदार शब्द घ्या, आणि प्रत्येकासमोर निदान दोन शब्दांचा पुरावा.

## पायरी 5: संघर्षच सापडत नसेल तर (कवितेचं काय)

'औदुंबर'मध्ये कुणाचं कुणाशी भांडण नाही. झरा आहे, चार घरांचं गाव आहे, शेतमळे, पायवाट, डोह आणि झाड. मुलं इथे दोन वाटा धरतात: एकतर "ही निसर्गकविता आहे" म्हणून थांबतात, नाहीतर ओढूनताणून "जीवन विरुद्ध मृत्यू" असा सामना लावतात. दोन्ही घाईचं आहे. छोट्या कवितेत संघर्षाच्या जागी ताण शोधा, म्हणजे कवितेतल्या कोणत्या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिशांना ओढतात. त्यासाठी दोन याद्या करा.

रंगांची यादी, ओळींच्या क्रमाने: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. सुरुवात हिरव्यात, शेवट काळ्यात, आणि मधे पांढरी पायवाट जी हिरव्या कुरणांतून निघून काळ्या डोहाकडे चाललीये. हा क्रम आपण लावलेला नाही, कवितेतच आहे.

क्रियापदांची यादी: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झरा वाहतोय, वाट चाललीये, सावली लाटांवर पसरतेय, आणि शेवटी एक जण पाण्यात पाय टाकून बसलाय. आठव्या ओळीपर्यंत एवढी हालचाल आणि मग हे बसणं.

म्हणजे ताण दोन झाले, हिरवं आणि काळं, चालणं आणि बसणं. आता टोन. काळा डोह, काळिमा, झाकळणं, हे ऐकून पटकन "भयाण" किंवा "उदास" लिहावंसं वाटतं. पण काळिमेच्या आधी "गोड" आहे. पायरी 4 ची चाचणी लावा, "गोड" काढून "गूढ" टाका, मात्रा तेवढ्याच राहतात आणि कविता भुताची होते. "गोड"मुळे ती होत नाही. शिवाय झाडासाठी वापरलेली क्रिया माणसाची आहे, घाटावर दमून पाय पाण्यात सोडून बसावं तशी. तेव्हा टोन शांत, थोडा ओढ लावणारा, आणि शेवटच्या "असला" मध्ये बोट दाखवल्यासारखं एक नवल.

सावधान: कवीचं चरित्र पुरावा म्हणून आणू नका. बालकवी 1918 साली रेल्वे अपघातात गेले, ऐन तारुण्यात, हे माहिती असलं की डोहात मरण दिसायलाच लागतं. दिसो, पण आधार कवितेतल्या शब्दाचा द्या. तसंच औदुंबर म्हटलं की आपल्याकडे दत्त आठवतो, नरसोबाची वाडी आठवते, बसलेला योगी आठवतो. कवितेत दत्ताचं नाव नाही, मात्र "पाय टाकुनी बसला" ही ध्यानस्थ वाटावी अशी बैठक आहे. म्हणजे योगी म्हणायला जागा आहे, दत्तमाहात्म्य लिहायला नाही. इतपतच ताणायचं.

## पायरी 6: आता थीम

थीम एका शब्दात लिहू नका, पूर्ण वाक्यात लिहा. "स्वातंत्र्य" हा विषय आहे. कृती त्या विषयाबद्दल काय म्हणते ते वाक्य म्हणजे थीम. आणि त्या वाक्यात पायरी 2 चा संघर्ष आणि पायरी 4 चा टोन दोन्ही मावले पाहिजेत, म्हणूनच तर हे सगळं आधी करायचं.

कथेसाठी लोकांनी लिहिलेली वाक्यं साधारण अशी असतात:

"स्त्रीला स्वातंत्र्य हवं असतं." फार मोघम, शंभर कथांना लागेल.

"वाईट लग्नातून सुटका मिळाल्यावर स्त्री सुखी होते." कथेविरुद्ध, लग्न वाईट होतं असं कुठे म्हटलंय?

"आयुष्य अनिश्चित आहे, कधी काय होईल सांगता येत नाही." हे कॅलेंडरच्या मागे छापायचं वाक्य आहे, आणि खोलीतला अख्खा मधला भाग याने वाया जातो.

चालेल असं: "प्रेमळ लग्नातही बाईची स्वतःची इच्छा दबून जाऊ शकते, आणि भोवतीच्या प्रेमळ माणसांना ते तिच्या मरणानंतरही कळत नाही, असं कथा दाखवते." प्रेमळ नवरा यात आला, आतला झगडा आला, डॉक्टरांची चूक आली.

'औदुंबर'साठी: "हिरव्या, हलत्या जगातली वाट शेवटी एका स्थिर, काळ्या जागी पोचते, आणि ती जागा घाबरवणारी नाही तर बसावंसं वाटणारी आहे." याहून वेगळं वाक्यही चालेल, फक्त रंग आणि क्रियापदं दोन्ही त्यात बसली पाहिजेत.

प्रत्येक थीम-वाक्याला तीन चाचण्या लावा:

1. शेवटची ओळ झाकून थीम तीच राहते का? राहत असेल तर तुम्ही शेवट विचारात घेतलेला नाही.
2. तुमच्या वाक्याच्या विरोधात जाणारी एक तरी ओळ मुद्दाम शोधा. कथेत ती ओळ "तिने त्याच्यावर प्रेम केलं होतं, कधी कधी" अशा अर्थाची आहे, पाठोपाठ लगेच येतं की बऱ्याचदा नव्हतंही. वाक्य या दोन्हींना पुरलं तर ठेवा, नाहीतर दुरुस्त करा.
3. "पाहिजे", "नये", "शिका" असे शब्द आलेत का? आले तर ते तात्पर्य झालं. इसापच्या गोष्टीला तात्पर्य असतं, शोपॅनच्या कथेला नाही.

## पायरी 7: लिहिणं

शोधायचा क्रम आणि लिहायचा क्रम वेगळा असतो. शोधताना थीम शेवटी, लिहिताना थीम-वाक्य पहिलं. त्याखाली संघर्षाचा एक परिच्छेद, टोनचा एक. कथानक सांगायला दोन ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नका, तपासणाऱ्याने कथा वाचलेली असते.

पुरावा देताना तीन-चार शब्दांचाच द्या आणि लगेच त्यातला कोणता शब्द काय करतोय ते सांगा. अख्खं कडवं उतरवून खाली "यावरून कवीची प्रतिभा दिसून येते" लिहिणं म्हणजे पान भरणं.

दहावीच्या मराठीत रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे लागतात, तिथे हेच सामान वाटून टाका: थीम-वाक्य आणि ताण आशयसौंदर्यात, रंग-प्रतिमा आणि त्यातून येणारा टोन काव्यसौंदर्यात, क्रियापदं आणि शब्दनिवड भाषिक वैशिष्ट्यांत. अलंकाराचं नाव लिहिलंत तर तो अलंकार तिथे काय करतो तेही लिहा, नुसतं "चेतनगुणोक्ती अलंकार आहे" (म्हणजे झाड माणसासारखं वागतं) याने औदुंबर बसत नाही.

परीक्षेत वेळ कमी असेल तर पायरी 1 डोक्यातच करा, पण 3 गाळू नका. आणि लिहून झाल्यावर उत्तरातलं कृतीचं आणि पात्रांचं नाव बोटाने झाकून वाचा: हेच उत्तर वहीतल्या दुसऱ्या एखाद्या धड्याला चिकटवता येत असेल तर टोनच्या परिच्छेदात परत जाऊन मजकुरातले निदान दोन शब्द आत घाला.